दुपारची गळती

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई लहानपणापासून म्हणत आली आहे, पण त्या उन्हाळ्यात तीही वैतागली. मी जेवता जेवता मध्येच उठायचे, ओट्यापाशी जाऊन उभी राहायचे आणि कशाला आले ते न आठवून पुन्हा ताटावर येऊन बसायचे. मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅटची गॅलरी सुरू होते न होते तोच संपते. तिथं मी इतक्या येरझारा घातल्या की समोरच्या इमारतीतल्या काकूंनी आईला फोन करून विचारलं, "पोरीचं लग्न जमून राहिलं काय वं?"

लग्न वगैरे काही नव्हतं. चौदा होते. एका आकड्यातून दुसरा वजा केला की चौदा उरत, आणि ते कुठं गेले हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

मी लेझरवर काम करते. लेझर म्हटलं की लोकांना डोळ्यांचं ऑपरेशन आठवतं, नाहीतर वरातीच्या डीजेवरचे हिरवे झोत. आमचा लेझर दिसायला अगदीच गरीब. काडेपेटीतल्या काडीहून जराशी रुंद, पारदर्शक अशी स्फटिकाची एक पट्टी. तिच्या मधोमध कागदाएवढा पातळ गाभा, त्यात एका दुर्मिळ धातूचे थोडे अणू मिसळलेले, आणि वर-खाली त्याच जातीच्या शुद्ध स्फटिकाचे थर. एका टोकातून पंपाचा, म्हणजे लेझरला ऊर्जा पुरवणाऱ्या दुसऱ्या दिव्याचा, प्रकाश आत सोडायचा. तो गाभ्यातच कोंडून राहतो, इकडेतिकडे पसरत नाही, आणि दुसऱ्या टोकातून लेझर होऊन बाहेर पडतो. शंभर भाग आत घातले तर किती बाहेर आले, ती त्याची कार्यक्षमता. माझं काम म्हणजे आधी हे सगळं कॉम्प्युटरवर मांडून किती यायला हवं ते काढायचं, आणि मग टेबलावर प्रत्यक्ष किती येतं ते मोजायचं. माझं मॉडेल म्हणत होतं बावन्न. टेबलावर येत होते अडतीस.

मॉडेलमध्ये बहुतेक गोष्टी मोजून भरता येतात. पट्टीची लांबी, गाभ्याची जाडी, पंपाचा किती प्रकाश गाभ्यात शिरतो, टोकांवरच्या आरशांतून किती निसटतो. एकच गोष्ट सरळ मोजता येत नाही: स्फटिकाच्या आत, वाटेत, किती प्रकाश हरवतो ती. तिला आम्ही गळती म्हणतो, आणि ती अंदाजानं भरावी लागते. आमच्या लॅबमध्ये त्यातून एक सोयीची रीत पडली होती. मॉडेल आणि मोजमाप जुळेना की गळती वाढवायची. आलेखावरची मॉडेलची रेघ खाली सरकते, मोजमापाच्या ठिपक्यांवर येऊन बसते, सगळे खूश. खापर फुटतं ते स्फटिकाच्या डोक्यावर, आणि स्फटिक काही उलट बोलत नाही. तो ज्यानं बनवला तो बोलू शकतो.

ही पट्टी माझ्या मैत्रिणीनं बनवली होती, आणि ती बोलत नव्हती.

ती सावनेरकडची. रोज बसनं येते, रोज बसनं जाते. आम्ही एकाच वर्षी लागलो, एकाच सरांकडे. तिचे हात मी पहिल्यांदा काम करताना पाहिले तेव्हा मला हेवा वाटला होता. मी चहाचा कप उचलला तरी बशीत सांडतो, आणि ती तासन् तास एक तुकडा घासत बसते, न बोलता, न हलता. दोन पृष्ठभाग इतके सपाट करायचे की एकमेकांवर नुसते टेकवले तरी चिकटून बसावेत, मग भट्टीत घालून ते कायमचे एकजीव करायचे. मध्ये धुळीचा कण आला की संपलं. नागपुरात धूळ खाली बसते ती श्रावण-भादव्यातच, म्हणून ती जोडणी फक्त तेव्हा करायची. आधीच्या पट्ट्या भट्टीतच तडकल्या. अख्खी उतरली ती ही एक. टोकांवर आरशाचा लेप चढवून पट्टी बाहेरगावाहून परत आली तोवर उन्हाळा लागला होता.

सर माणूस वाईट नाहीत. त्यांना घोळ सहन होत नाही, एवढंच. प्रकल्पाच्या आढाव्यात त्यांना काहीतरी ठाम सांगायचं होतं, आणि चौदा कुठं गेले याला ठाम उत्तर एकच होतं.

"गळती वाढव," ते मला म्हणाले. मी वाढवली. रेघ बरोबर बसली. "पाहा, किती छान बसून राहिली," म्हणाले. मग खुर्ची मागे सरकवून ते मैत्रिणीकडे वळले. "इतकी गळती म्हणजे जोडणीतच दोष आहे. सोमवारी पट्टी कापू आणि आतून पाहू. त्याशिवाय इलाज नाही."

ती म्हणाली, "बरं सर."

बरं सर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापायची म्हणजे खालच्या वर्कशॉपमध्ये हिऱ्याच्या चकतीवर आडवी चिरायची आणि जोड सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. दोष सापडो न सापडो, पट्टी गेली. दुसरी करायला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची, आणि तिची फेलोशिप त्याच्या आधी संपत होती. तिच्या प्रबंधात दाखवण्यासारखी वस्तू तीच एक होती.

कॅन्टीनमध्ये मी तिला धरलं. तिच्यापुढे आलूबोंडा होता आणि ती तो शांतपणे मोडून खात होती.

"तू बोलत काहून नाही वं?"

"काय बोलू?"

"हेच, का जोडणी चांगली आहे. तुले माहीत आहे ना?"

"कापून राहिले ना, कापू दे. काय असन ते दिसन."

"आणि काहीच नाही निघालं तर? चिकटवून देतील काय तुले ते?"

तिनं चटणी संपवली. मला इतका राग आला की मी माझं ताट तसंच टाकून निघून आले. माझा राग असाच असतो, अर्धा दुसऱ्यावर आणि अर्धा कशावर ते मलाही माहीत नसतं.

मला छळत होती ती दुसरीच गोष्ट. मी केलेली सगळी मोजमापं मांडून बसले, तेव्हा प्रत्येक वेळी वेगळी गळती भरावी लागत होती. सकाळी मोजलं की कमी, दुपारी जास्त, उशिरा दुपारी आणखी जास्त. आता स्फटिकातला दोष हा स्फटिकातला दोष. तो काही नोकरदारासारखा सकाळी ताजातवाना आणि दुपारी पेंगुळलेला नसतो. मी हे सरांना सांगितलं.

"अगं, दुपारी तापते खोली. त्याचा परिणाम होणारच. सरासरी घे."

"पण पट्टी तांब्याच्या पकडीत आहे सर, पकडीतून थंड पाणी फिरून राहिलं. तिला कुठं ऊन लागून राहिलं?"

"सरासरी घे," ते पुन्हा म्हणाले, आणि मी दार जरा जास्तच जोरात लावून बाहेर पडले.

खोली तापायची हे मात्र खरं होतं. लॅबचा एसी एप्रिलमध्ये बंद पडला, दुरुस्तीची फाइल कोणत्या टेबलावर आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मग सेमिनार हॉलमधला मोठा कूलर आणून आम्ही खिडकीत बसवला. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर चालू असणं म्हणजे भिंतीला दार असणं. त्यात वाळ्याची नवीन खस घातल्यावर तर लॅबमध्ये इतकं छान वाटायचं की शेजारच्या विभागातले लोक काहीतरी निमित्त काढून येऊन बसायचे.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी शेवटचं मोजमाप करत होतो. सरांना आढाव्यासाठी ठिपक्यांचा एक संच आणखी हवा होता. मी बसले, उठले, चष्मा पुसला, परत बसले. मैत्रीण वही घेऊन मी सांगीन ते आकडे लिहीत होती आणि तिच्या अक्षरात जराही फरक पडत नव्हता. त्याचाही मला राग येत होता.

तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरून थांबला. टेबलावरची यंत्रं यूपीएसवर असल्यानं ती चालू राहिली. अशा वेळी आमच्याकडे नियम ठरलेला: लाइट गेली की लगेच पंप बंद करायचा, म्हणजे बॅटरीवर ताण येत नाही. तो नियम आजवर कोणी मोडला नव्हता.

"बंद कर वं," ती म्हणाली.

"नाही करत."

"अवं, सर ओरडतील."

"ओरडू दे. सोमवारी कापूनच राहिले ना? मग मोजू दे मले."

खोलीत लगेच उकडायला लागलं. तिनं उठून पुढचं दार उघडलं, मग मागच्या गच्चीकडचं. बाहेरची झळ सरळ आत आली, भट्टीचं दार उघडल्यासारखी. माझ्या मानेवरून घाम ओघळायला लागला. आता आकडा आणखी पडणार असं धरून मी मीटरकडे बघत होते, कारण सगळेच म्हणत होते, उष्णतेनं पडतो.

तो चढायला लागला.

आधी मला वाटलं, डोळे थकले. तिनंही पाहिलं. आकडा जरासा थांबायचा आणि परत वर सरकायचा. मी भागाकार केला. अडतीसचे चाळीस झाले होते, मग बेचाळीस, मग चव्वेचाळीस. मी लेझरच्या वाटेत काळा पुठ्ठा धरला, कारण सर पहिली शंका मीटरवरच घेतील, गरम हवेनं तो खोटं बोलतोय म्हणतील. मीटर शून्यावर आला. पुठ्ठा काढला, पुन्हा चव्वेचाळीस.

"हे काय होऊन राहिलं वं?" ती म्हणाली. तिचा आवाज मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा वर गेलेला ऐकला.

तेवढ्यात लाइट आली. कूलर सुरू झाला, खसेतून गार हवा आली, आम्ही दोघींनी सवयीनं तोंड तिकडे केलं. आणि आमच्या डोळ्यांदेखत आकडा खाली यायला लागला.

मी पंप बंद केला. लेझर विझला तसे आम्ही चष्मे काढले. ती पट्टीवरचं झाकण काढायला गेली, आणि वाटेत तिचा हात थंड पाण्याच्या नळीला लागला.

"ओली आहे," ती म्हणाली.

"ती तर रोजच ओली राहते."

आणि मग आम्ही एकमेकींकडे पाहिलं. रोजच ओली राहते. एप्रिलपासून त्या नळीतून पाणी टपकतं म्हणून आम्ही खाली फडकं ठेवत होतो. सकाळी कोरडं ठेवायचो, दुपारी पिळून परत ठेवायचो. ते फडकं मी स्वतः कितीदा पिळलं असेल. नळीला कुठं भोक नाही हे प्लंबरनंही सांगितलं होतं, तरी घाम कसला येतो ते एकीनंही विचारलं नाही. तिनं झाकण उचललं, मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. तांब्याची पकड दवानं डबडबली होती. पट्टीच्या ज्या टोकातून लेझर बाहेर पडतो त्या टोकावर धुकं बसलं होतं, बारीक, आरशावर फुंकर मारल्यावर येतं तसं.

मे महिन्यात नागपूरची हवा कोरडी असते हे शाळकरी पोरगंही सांगेल. म्हणून तर आम्ही तापमान रोज लिहीत होतो आणि हवेतला दमटपणा कधीच नाही. बाहेरची हवा कोरडी होती. खोलीतली आम्हीच दिवसभर कूलरच्या पाण्यानं भिजवत होतो, आणि तीच ओली हवा थंड पकडीवर जाऊन बसत होती. वर कहर म्हणजे दुपारी आकडा पडला की आम्हाला वाटायचं, खोली तापली, आणि आम्ही उठून कूलर वाढवायचो. माझ्या मॉडेलमध्ये आरसा होता, पंप होता, अणू होते, गळती होती. कूलर कुठंच नव्हता.

मला हसू यायला लागलं आणि थांबेना. ती मात्र टोकाकडे बघत उभी होती.

सरांना फोन केला. ते उन्हातून डोक्याला दुपट्टा बांधून, चिडूनच आले. "काय करून राहिल्या तुम्ही दोघी? लाइट गेल्यावर चालू ठेवला?" मी सगळं सांगितलं, बहुधा दोनदा, कारण मी भराभर बोलते. त्यांनी नळीला हात लावला. फडकं उचललं, बघितलं, परत ठेवलं. मग स्वतः जाऊन कूलर बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.

"पुन्हा कर," म्हणाले.

दोन्ही दारं उघडी टाकून आम्ही तिघं त्या भट्टीत बसलो. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. कोणी पाणी प्यायलासुद्धा उठलं नाही, आणि मी, जिला ताटावर धड बसवत नाही, मी स्टुलावरून हलले नाही. टोकावरचं धुकं विरलं. आकडा चढत गेला, हळू झाला आणि एका जागी थांबला. मी पंप थोडा थोडा वाढवत मोजत गेले, मैत्रीण लिहीत गेली. रेघ मारली. एकोणपन्नास.

सर पडद्याकडे वळले. "एकोणपन्नास आणि बावन्न," म्हणाले. "तीन तर मीटरच्या चुकीतच जातात. जुळलं म्हणायचं." मग मैत्रिणीकडे न बघता दुपट्टा परत बांधत म्हणाले, "सोमवारचं कापणं रद्द. वर्कशॉपले सांगून देतो." माफी म्हणता येईल असं ते काही बोलले नाहीत, पण जाताना एसीची फाइल कुठं आहे ते स्वतः शोधतो म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

माझा जीव भांड्यात पडला. मला तिला मिठी मारायची होती, पण दोघींच्या अंगाला इतका घाम होता की मी तिच्या पाठीवर नुसती थाप मारली आणि मॉडेल बंद करायला वळले.

"थांब," ती म्हणाली. "ते तीन गळतीत टाक."

"कायले? सर म्हणाले ना, मीटरची चूक."

"मीटरची नाही. माझे आहेत ते."

मी वळून पाहिलं. तिनं पट्टीच्या झाकणावर बोट ठेवलं, पंपाच्या बाजूनं जरा आत, एका कडेला. तिथं जोडावर एक पुसट डाग होता, म्हणाली. भट्टीतून काढली त्याच दिवशी तिला दिसला होता. उजेडात एका ठरावीक कोनातून धरली तरच दिसतो, एरवी कोणाला सापडणार नाही. लेप चढवायला पाठवताना वाटलं होतं, एवढ्यानं काय होतं. मग अडतीस आला.

झालं, माझा पारा परत चढला. एवढे दिवस मी गॅलरी झिजवत होते, सरांशी भांडत होते, ताट टाकून उठत होते, तिच्यासाठी. आणि हिला डाग कुठं आहे ते ठाऊक होतं!

"मग तोंड शिवलं होतं काय वं तुझं? सांगायचं नाही? निदान मले?"

तिनं फडकं उचलून खिडकीबाहेर पिळलं. नेहमीसारखंच सावकाश, शेवटचा थेंब निघेपर्यंत.

"तुम्ही सारे चौदा म्हणून राहिले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं असतं तीन माझे आहेत, तर बाकीचे अकरा माझ्या अंगावरून कोणी काढले असते?"

मॉडेल अजून उघडंच होतं. गळतीच्या खान्यात मी तिचे तीन बसतील एवढा आकडा भरला, आणि रेघ सगळ्या ठिपक्यांवरून गेली.